बिनक्लचची मोटार

पांढरकवड्याच्या जिनिंगच्या आवारात आम्हाला राहायला जी खोली मिळाली होती, तिला खिडकी एकच होती, आणि तीही सरकी काढायच्या यंत्रांच्या बाजूला. हंगाम सुरू झाला की घरात बोलायचं ते ओरडूनच. भोंगा झाला, यंत्रं थांबली, तरी आम्ही काही वेळ ओरडूनच बोलत असू, आणि मग आपल्याच आवाजाला दचकून हसत असू. कापसाचे तंतू उडत येऊन सगळ्यावर बसायचे. याडी भाकर थापून तव्यावर टाकायची, ती भाजून टोपलीत पडेपर्यंत तिच्यावर पांढरी लव आलेली असायची, आणि बा ती फुंकून खायचा. सोबत आंबाडीची भाजी, कधी तुरीचं घट्ट वरण, आणि कांदा. याडी म्हणजे आई, बा म्हणजे बाप. घरात आम्ही आमची गोर, म्हणजे बंजारा, बोलीच बोलायचो, बाहेर पडलं की वऱ्हाडी, आणि शाळेत पुस्तकातली मराठी. तीन भाषा तीन पातळांसारख्या घडी करून ठेवलेल्या होत्या, जिथे जायचं तिथली अंगावर चढवायची. याडी मात्र कुठेही गेली तरी तिचा घागरा आणि तिची बोली बदलायची नाही. फार तर समोरच्याला समजावं म्हणून वऱ्हाडीत दोन पावलं पुढे यायची.

आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहिलं. पुढे रस्ते झाले, आगगाडी आली, बैलांच्या पाठी रिकाम्या झाल्या आणि आम्ही तांड्यावर जमिनी कसू लागलो. बाला ते जमलं नाही. नांगरामागे चालताना त्याला सारखं वाटायचं, म्हणे, की आपण एकाच जागी फिरून राहिलो आहोत. तो जिनिंगच्या ट्रकवर क्लीनर म्हणून लागला, तिथे गाडी शिकला, आणि हाताला शांत, तोंडाला कमी म्हणून शेठजींनी त्याला आपल्या मोटारीवर घेतलं. आमच्या तांड्यातला स्टिअरिंग धरणारा तो पहिला माणूस. पुढे कॉलेजात जाणारी पहिली मी. हे मी उगाच लाजून सांगणार नाही. आम्हा दोघांनाही त्याचा अभिमान होता आणि अजून आहे.

मोटार हैदराबादच्या एका नवाबाच्या घरची. तिकडच्या थोरामोठ्यांच्या गाड्या त्या काळात विकल्या जात होत्या, आणि शेठजींना ही लांबरुंद, हिरवट रंगाची अमेरिकन गाडी फार आवडली. बा ती आणायला गेला आणि तिथल्या म्हाताऱ्या ड्रायव्हरजवळ राहून शिकून आला, कारण तिला क्लचच नव्हता. गिअर आपोआप बदलायचे. स्टिअरिंगजवळच्या दांड्यावर चार-पाच इंग्रजी अक्षरं होती. बाला ती वाचता येत नव्हती, पण कोणती जागा म्हणजे ‘उभी राह’ आणि कोणती म्हणजे ‘चाल’ हे त्याच्या हाताला पाठ झालं. पंचाईत झाली ती डाव्या पायाची. इतकी वर्षं क्लच दाबलेला पाय गप बसेना. तो आपसूक पुढे जायचा आणि ब्रेकवर पडायचा. शेठजी एकदा मागच्या सीटवरून थेट पुढच्या सीटच्या पाठीवर आले, टोपी काचेपाशी. तेव्हापासून बा डावा पाय मांडीखाली दुमडून बसायला लागला. गावातली पोरं म्हणायची, “धनसिंगभाऊ गादीवर बसल्यावानी मोटार चालवते.”

आता माझ्या नातीची गाडीही अशीच आपोआप गिअर बदलणारी आहे. ती एका हातानं चालवते आणि मला सांगते, “आजी, यात काही करावंच लागत नाही.” मी मान डोलावते. काही करावं लागत नाही तेव्हाच काय बिघडलं ते शोधणं किती अवघड असतं, हे मी एका हिवाळ्यात पाहिलं आहे.

दसरा होऊन गेला होता, कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर लागत होती. मी मॅट्रिकच्या वर्गात होते. तांड्याचे नायक, म्हणजे आमचे पुढारी, दोनदा बापाशी येऊन बसून गेले होते. “पोरगी मोठी झाली, धनसिंग. सोयरीक पाह्य.” बा म्हणायचा, “मॅट्रिक होऊ द्या, नायक. मंग कॉलेज हाय.” नायक हसायचे. त्यांना ती थट्टा वाटायची. पण शाळा या खोलीमुळे होती आणि खोली मोटारीमुळे. मोटार गेली असती तर आम्ही बिऱ्हाड उचलून तांड्यावर, आणि मी याडीसोबत कापूस वेचायला आणि लगोलग बोहल्यावर. हे घरात कोणी बोलून दाखवत नव्हतं, पण तिघांनाही माहीत होतं.

आणि मोटार बिघडली. एकदम बंद पडली असती तर बरं, पण ती चालत होती. फक्त वरचा गिअर घेईना. फाटकातून निघाली की इंजिन ओरडत राहायचं, ओरडत राहायचं, आणि फार वेळानं असा हिसका देऊन वर जायची की शेठाणीबाईंच्या पानाच्या डब्यातला कात त्यांच्या पातळावर सांडायचा. शेठजींनी नागपूरहून मोठ्या गॅरेजचा माणूस बोलावला. तो घाईत होता, त्याला संध्याकाळची बस पकडायची होती. इंजिन उभ्या गाडीतही जास्त घुमतं म्हणून त्यानं एक स्क्रू फिरवून ते शांत केलं, एक चक्कर मारली, आणि सांगितलं की गिअरबॉक्स आतून गेला, मुंबईला पाठवावा लागेल, आणि अशा गाड्या गावठी ड्रायव्हरच्या हाती दिल्या की असंच होतं. शेठजी बाला एवढंच म्हणाले, “आठवडी बाजार झाला की गाडी मुंबईला जाईल. तोवर तू तुझं काय ते पाहून ठेव.”

बा घरी आला आणि जेवला नाही. याडीनं विचारलं, “काय म्हणे तो?” बा म्हणाला, “म्हणे, मी खराब केली.” याडी म्हणाली, “केली का?” “नाही.” “मग जेव.”

जेवून तो हायवेवरच्या करीम मिस्त्रींकडे गेला. हे मिस्त्री ट्रकचे. येणारे-जाणारे पंजाबी, तेलंगी ड्रायव्हर त्यांच्या झाडाखाली थांबायचे. त्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारी येऊन मोटारीभोवती एक चक्कर मारली आणि खाली बसून आत पाहिलं. “देख धनसिंग,” ते म्हणाले, “मले हिच्या पोटातलं काहीच समजत नाई. असा डब्बा म्या जिंदगीत खोलला नाई, अन् खोलनार बी नाई. पन तुले हिचा सभाव माहीत हाय. तू हिच्याबद्दल बोलत राह्य, म्या आयकतो.”

बानं आधी तेल दाखवलं. या गिअरबॉक्सचं तेल इंजिन चालू ठेवून, गाडी तापल्यावरच पाहायचं, हे हैदराबादच्या म्हाताऱ्यानं त्याला बजावून सांगितलं होतं. त्यानं सळई ओढून काढली. तेल खुणेपर्यंत होतं, लाल होतं. मिस्त्रींनी ते बोटावर घेऊन चोळलं, हुंगलं, आणि बाच्या नाकाशी धरलं. “जळकं येते का?” “नाई.” “आतून गेली असती तं तेल काळं झालं असतं, जळक्या दुधावानी वास मारला असता. मंग नागपूरवाला काहून म्हनते आतून गेली?” बा म्हणाला, “त्याची बस होती.”

मग प्रत्यक्ष चालवून पाहायचं ठरलं. शेठजी मागे बसले की जास्त त्रास देते, असं बा म्हणाल्यावर मिस्त्रींनी त्यांच्या वजनाचं सरकीचं पोतं मागच्या सीटवर चादर घालून ठेवायला लावलं. लांबून डोळे बारीक करून पाहिलं. “अजून कमी हाय. पोट्टीले बसव.” अशा रीतीनं मी पोत्याशेजारी बसून करंजी गावाच्या रस्त्यानं निघाले. नवाबाच्या मोटारीत बसायची माझी ती पहिलीच वेळ. जीव टांगणीला लागलेला, तरी गादी मऊ होती हे लक्षात राहिलं आहे.

बा गाडी चालवत बोलत होता. “पहिले इथं, नाक्याच्या चौकीपाशी बदलायची. आता पाह्य. चौकी गेली. चिंच गेली. अजून ओरडून राह्यली.” मिस्त्री म्हणाले, “पाय काढ.” “काढला. पहिले नुसता उचलला तरी बदलायची, आता पुरा काढला तरी तिले फरक पडत नाई.” पूल आला तेव्हा कुठे हिसका बसला, आणि सरकीचं पोतं माझ्या अंगावर आलं. मिस्त्री मागे वळून म्हणाले, “शेठजी, सांभाळून.” बालाही हसू आलं. मग तो हसायचा थांबला आणि हळू म्हणाला, “करीमभाई, ती अशी समजून राह्यली का माहा पाय दाबेलच हाय. जोर लावाचा हाय म्हनून खालच्याच गिअरात थांबते.”

मिस्त्री त्याच्याकडे वळले. “तं तिले कोन सांगते, पाय दाबला का उचलला?”

बा म्हणाला, “कोनीतरी सांगतच असन. मनानं थोडी समजत असन.”

गाडी पळसाच्या झाडाखाली घेतली. बॉनेट वर केलं. बा आत बसून पाय दाबायचा आणि सोडायचा, आणि मिस्त्री वाकून पाहायचे. पायाच्या पट्टीपासून एक दांडी इंजिनाच्या मागच्या भिंतीवर एका सांध्यापर्यंत येत होती. तिथून एक कार्बुरेटरकडे, आणि दुसरी, बारीक, खाली गिअरबॉक्सकडे उतरत होती. “दाब. सोड. दाब. सोड. पुन्हा सोड.” “सोडलाच हाय.” “नाई सोडला.” “करीमभाई, माहा पाय बाहेर हाय, पाह्य,” असं म्हणून बानं खरंच दारातून पाय बाहेर काढून दाखवला. सांधा पुरता परत येत नव्हता. म्हणूनच उभ्या गाडीत इंजिन घुमत होतं, आणि नागपूरच्या माणसानं नेमकी तीच खूण स्क्रू फिरवून गप केली होती. मिस्त्रींनी आत बोट घातलं, चटका बसला म्हणून काढलं, पक्कड घातली आणि ओढलं. तेलानं काळी झालेली, बोटभर रुंदीची एक पट्टी बाहेर आली. तिला कवड्या शिवलेल्या होत्या. दोन कवड्या सांध्यात अडकून फुटल्या होत्या.

असा पट्टा तांड्याच्या म्होरक्या बैलाच्या कपाळावर बांधतात. तो बैल पुढे, त्याच्यामागे सगळे. हा याडीच्या माहेरचा होता, तिच्या आजोबांच्या बैलाचा. शेठजींनी मोटारीवर लिंबू-मिरचीसुद्धा लावू दिली नव्हती, नवाबाची गाडी आहे, तिला असलं शोभत नाही म्हणून. खंडेनवमीला बा बॉनेट उघडून गाडी पुसत असताना याडीनं कोणाला दिसू नये अशा जागी, हाताला लागली त्या दांडीला, तो बांधला होता. सैल झाला, घसरला, आणि कधीतरी सांध्यात जाऊन बसला.

“हे तुह्या घरचं हाय,” मिस्त्री म्हणाले. “नाल्यात फेक. शेठले सांगू, आपन दोघांनी गिअर दुरुस्त केला. तुही नोकरी राहीन, माही बी वाहवा होईन. काय बुरं हाय?” मीही मागून म्हटलं, “बा, मिस्त्रीकाका बरोबर म्हणतेत.” बानं पट्टा धोतराच्या सोग्यानं पुसला आणि खिशात ठेवला. गाडी वळवली. मिस्त्रींनी स्क्रू परत होता तिथे आणून ठेवला होता. चौकीपाशी आल्यावर इंजिनाचा आवाज आपोआप खाली उतरला, कढईतलं तेल चुलीवरून उतरवल्यावर शांत होतं तसा, आणि आम्हाला कळलंही नाही असा वरचा गिअर पडला. बा म्हणाला, “काय झालतं ते सांगितल्याबिगर दुरुस्ती पुरी होत नाई, करीमभाई. उद्या अजून काही अडकलं तं पुन्हा मुंबईच्या गोष्टी निघतीन.”

त्यानं सांगितलं. मी ऑफिसच्या दाराशी उभी होते. शेठजींनी पट्टा टेबलावर ठेवून घेतला. “मी गाडीवर काही बांधायचं नाही म्हटलं होतं की नाही?” “म्हटलं होतं.” “कोणी बांधलं?” “माह्या घरचीनं.” “तुला माहीत होतं?” “नाई. पन घर माहं हाय.” शेठजींनी किल्लीसाठी हात पुढे केला आणि बानं ती दिली.

याडीला हे मी सांगितलं तेव्हा तव्यावर भाकर होती. तिनं ती उलटली, पुरती भाजू दिली, तवा उतरवला, आणि मग निघाली. हातभर बांगड्या, पायात वाळे. ती ऑफिसात शिरली तेव्हा आत कोण येतंय हे पाहायला कोणाला मान वर करावी लागली नाही.

“माहा पट्टा द्या,” ती म्हणाली.

मुनीमजींचा टाक थांबला. शेठजी म्हणाले, “बाई, तुझ्या या पट्ट्यानं माझी गाडी बंद पाडली.”

“बंद कुठं पडली? हळू चालली. हळू चालली म्हनून कुठं आपटली बी नाई.”

मुनीमजींना हसू आलं ते त्यांनी खोकल्यात घातलं. शेठजींनी विचारलं, “कशाला बांधला होता?”

“म्होरच्या बैलाले बांधतेत. तो वाट चुकला का मांगचा सारा तांडा चुकते. तुमची गाडी कुठं धडकली तं ह्या कारखान्याच्या साऱ्या चुली इझतीन. माहा मानूस बी त्याच गाडीत हाय. बाहेर बांधू देत नव्हते तुमी, म्हनून आत बांधला. चुकीच्या जागी बांधला, हे खरं. जागा मले कोनी दाखवली नाई.”

शेठजींनी पेन्सिलीनं तो टेबलावरून तिच्याकडे सरकवला. “घेऊन जा. आणि धनसिंगला सांग, उद्यापासून मोटारीला हात लावायचा नाही.”

याडी हलली नाही. “अन् खोली?”

“खोलीचं मी काही बोललो का? कापसाच्या गाठी घेऊन नागपूरला ट्रक कोण नेणार? तो नेईल.” आणि ती वळल्यावर ते म्हणाले, “ट्रकला बांध तुझा पट्टा. समोर, बाहेरून. दिसेल असा.”

हे त्यांनी रागानं केलं, की विचार करून, मला आजही ठाऊक नाही. त्या वेळी आमच्या घराला ती शिक्षाच वाटली. मोटारीच्या मऊ गादीवरून रुईच्या गाठींच्या ट्रकवर. नायक आले तेव्हा म्हणाले, “खाली आलास की, धनसिंग.” बा म्हणाला, “आपले बापजादे माल वाहतच आले, नायक. आता मी बी वाहतो.” त्यांनी पुन्हा सोयरिकीचं काढलं, आणि बानं पुन्हा मॅट्रिकचं सांगितलं. डाव्या पायाला काम मिळाल्यानं तो खुशीत होता, असं तो म्हणायचा. ते किती खरं होतं, कोण जाणे. पण महत्त्वाचं ते हे की खोली राहिली, शाळा राहिली, आणि ट्रक दर आठवड्याला नागपूरला जाऊ लागला. कॉलेज नागपूरला, आणि बानं पोरीला तिथे एकटं ठेवायचं तरी कसं, या एका प्रश्नावर आधी सगळं अडलं होतं. तो आता आपसूक सुटला. दर आठवड्याला बा तिथे असणारच होता. मोटारीवर राहिला असता तर माझं कॉलेज बोलण्यातच राहिलं असतं, हे मी आज स्वच्छ सांगू शकते. म्हणून शेठजींचा राग असो की विचार, मी दोन्हीची ऋणी आहे. घाईत चुकलेल्या त्या नागपूरच्या माणसाचीही आहे, कारण तो चुकला नसता तर ही गोष्ट सुरूच झाली नसती.

मी मॅट्रिक झाले. पाऊस लागायच्या बेतात असताना माझी पत्र्याची पेटी ट्रकमध्ये ठेवून आम्ही तिघं निघालो. याडीनं पुरचुंडीत भाकरी, तिळाची चटणी आणि गुळाचा खडा बांधला होता. याडी ट्रकपाशी थांबली. कॉलेजच्या ऑफिसात रांग होती. सगळ्यांचे वडील कोट घातलेले, कोणी वकील, कोणी मास्तर. बानं बाहेरच्या नळावर हात कोपरापर्यंत धुतले, पागोटं नीट केलं आणि माझ्यामागे येऊन उभा राहिला. आमचा नंबर आल्यावर कारकुनानं मान खाली ठेवूनच विचारलं, “वडिलांचा धंदा?”

“ड्रायव्हर,” बा म्हणाला. “पहिले शेठजीच्या मोटारीवर होतो. बिनक्लचची होती. तिच्यात आमच्या घरच्याच हातानं काही अडकलं, म्हनून काढलं मले. आता ट्रकवर हाय.”

कारकुनानं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. “अहो, नुसतं ‘ड्रायव्हर’ पुरे झालं असतं.”

“लिहा मंग नुसतं,” बा म्हणाला. “म्या पुरं सांगितलं.”

मागे रांगेत कोणीतरी हसलं. मी वळून पाहिलं नाही. सही करायला मला टाक दिला गेला, बापुढे शाईची गादी सरकवली गेली. त्यानं अंगठा दाबला, शाई भिंतीला लागू नये म्हणून हात उंच धरून बाहेर आला, आणि मला म्हणाला, “चाल, याडीले सांगू. मंग मले गाठी उतरवायच्या हायेत.”